गुडघ्यातली माणसं

११ जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मी गुपचूप लिहितेय. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकू ते पेटीत टाकणार आहेत. तुझं उत्तरही त्यांच्याच नावाने पाठव. बाबांना कळलं तर ते ओरडणार नाहीत, पण जेवताना एक शब्द बोलणार नाहीत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

तू गेल्यापासून घर तसंच आहे. आईचं कपाट अजून रिकामंच आहे. बाबांची पक्कड, पाने, वायरींची भेंडोळी सगळी सोफ्याखाली असतात, म्हणून मी म्हटलं, कपाटात ठेवा की. तर नको म्हणाले.

बाबा अख्ख्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, यावर आपण किती हसायचो ना? आता मी जिन्यात पडलेय आणि माझा उजवा गुडघा सुजलाय, म्हणून बाबा मला पाठुंगळी घेऊन तीन मजले चढतात. दुसऱ्या मजल्यावर थांबून धापा टाकतात आणि म्हणतात, "लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व." मी हसते, पण आधीसारखं हसू येत नाही.

गुडघा हाताला गरम लागतो. सकाळी तर तो उघडतच नाही. दुपारपर्यंत जरा सैल होतो. शाळेच्या शर्यतीतून बाईंनी माझं नाव काढलं.

तू नर्स आहेस म्हणून विचारते. सूज म्हणजे काय असतं? आत नक्की काय भरलंय? मोठी माणसं नुसतं "उतरेल, उतरेल" म्हणतात.

बाकी सगळं ठीक आहे.

तुझी,
भिंगरी

---

१९ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र बघून दिवस बरा गेला. बाबांचा अबोला मला नवा नाही. लहानपणी मी त्याची सायकल न विचारता नेली, तर आठवडाभर माझ्याकडे बघून भिंतीशी बोलायचा. असो. काकूंच्या नावाने तर काकूंच्या नावाने.

तू अगदी बरोबर माणसाला विचारलंस. इथे खाणीच्या दवाखान्यात रोज कुणाचं तरी बोट नाहीतर पाऊल दगडाखाली सापडतं. सूज बघण्यातच माझा जन्म चाललाय.

तुझ्या गुडघ्यात एक दाट वस्ती आहे असं समज. तिथल्या घरांना पेशी म्हणतात. इतक्या बारीक, की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. तू पडलीस तेव्हा त्यातली काही घरं मोडली. घर मोडलं की माणूस काय करतो? बोंब मारतो. पेशीला तोंड नसतं, म्हणून ती एक रस सोडते. तीच तिची बोंब. ती शेजारच्या रक्ताच्या नळ्यांपर्यंत पोचली की नळ्या रुंद होतात आणि तिकडे जास्त रक्त धावतं. रक्त लाल, रक्त ऊबदार, म्हणून गुडघा लाल नि गरम. मग नळ्यांच्या भिंती जरा सैल पडतात. फटींतून पाणी झिरपतं आणि त्या पाण्याबरोबर पांढऱ्या पेशी बाहेर येतात. ही मदतीला आलेली माणसं. कुणी जंतू खातं, कुणी मोडतोड उचलतं, कुणी नवं बांधायला घेतं. एवढीशी जागा, त्यात एवढी माणसं आणि एवढं पाणी! फुगणार नाही तर काय होणार? आणि दुखतं कशाला, तर तू मध्येच तिथे नाचायला जाऊ नयेस म्हणून.

तेव्हा सूज म्हणजे मदत आली. घाबरायचं काही कारण नाही. जिथे सूज यायला हवी आणि येत नाही, त्या जखमेची मला जास्त धास्ती वाटते.

आणि सकाळी गुडघा उघडत नाही म्हणे! गुडघा कसला, तुझे डोळेच उघडत नसतील. मी तिथे होते तेव्हा तुला हाका मारमारून माझा घसा बसायचा. आळशी कुठली.

आत्या

---

३० जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी काकूंच्या मशीनमागे बसून वाचलं, आणि मग त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "असं कुणी आम्हाला शाळेत शिकवलं असतं तर मी आज कापडं बेतत बसले नसते."

आता मला गुडघ्याचा राग येत नाही. आधी मी त्याला गुद्दे मारायचे. आता झोपताना त्याच्यावर हात ठेवते. आतली माणसं दमत असतील ना? त्यांना सुट्टी असते का?

एक विचारू? समजा एका मुलीला डॉक्टरांनी सूज उतरायच्या गोळ्या दिल्यात. तर गोळी घेतल्यावर ती माणसं निघून जातात का? काम अर्धवट टाकून? मी आपलं सहज विचारतेय. माझ्या वर्गातल्या मुलीबद्दल.

तुझी,
भिंगरी

---

८ फेब्रुवारी

भिंगरे,

घाईत लिहितेय, बाहेर रांग लागलीय. गोळी काय करते? बोंब दाबते. बोंब ऐकू आली नाही की माणसं येईनाशी होतात आणि आलेली पांगतात. तू विचारलंस ते बरोबरच आहे.

इथे तर बोट जरा सुजलं की लोक गोळीसाठी दारात उभे. मी म्हणते, अहो, करू द्या की त्यांना त्यांचं काम! जरा दुखणं सोसायला काय होतं? तुझ्या वर्गातल्या त्या मुलीला सांग, लहानसहान सुजेला गोळ्या गिळायच्या नसतात.

तुझा गुडघा एव्हाना उतरला असेल. शर्यतीत परत नाव घातलं की नाही?

आत्या

---

२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

अक्षर वाईट आलंय, कारण आता मनगटही सुजलंय.

मला तुला खरं सांगायचंय. ती वर्गातली मुलगी मीच आहे. मी जिन्यात पडले हे खरं आहे, पण मी उलटं लिहिलं. आधी गुडघा सुजला आणि वाकेना, म्हणून मी पडले. तू गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे सुरू झालं. डॉक्टरांनी त्याचं मोठं नाव सांगितलं, लहान मुलांचा संधिवात. बाबा म्हणाले होते, आत्याला यातलं काही कळवायचं नाही, नाहीतर ती बॅग घेऊन येईल.

मला रोज गोळी असते. तुझं पत्र आल्यापासून मी ती गिळत नाही. गालात धरून ठेवते, आणि बाबा माझा डबा भरायला वळले की धावायच्या बुटात टाकते. उजव्या. तो बूट सध्या कुणी घालत नाही.

आत्या, खूप माणसं आलीत. दोन्ही गुडघ्यांत, मनगटात आणि एका बोटात पण. एवढी सगळी आली म्हणजे काम लवकर होईल ना? मी त्यांना काम करू देतेय. पण फार दुखतं. रात्री मी उशी तोंडात धरते, म्हणजे बाबांना ऐकू जात नाही. ते विचारतात, गोळी घेऊनही असं कसं होतंय? त्यांचा चेहरा बघवत नाही.

माणसं घरी कधी जातात ते तू लिहिलंच नाहीस. ते लिही. लवकर लिही.

तुझी,
भिंगरी

---

१३ मार्च

दादू,

काल तू फोन उचललास, "आम्ही वॉर्डात आहोत" एवढंच म्हणालास आणि ठेवलास. नंतर उचलला नाहीस. म्हणून लिहितेय.

भिंगरीचं पत्र इथे माझ्या टेबलावर पडून होतं. खाणीत दरड कोसळली आणि एका फोरमनला घेऊन मला मोठ्या हॉस्पिटलात जावं लागलं. तो वाचला नाही. परवा परत आले, पाकीट फोडलं, आणि तुझा फोन लागेपर्यंत लावत राहिले.

तिने मला पडल्याचं सांगितलं आणि मी पडल्याचं उत्तर दिलं. पण सकाळी गुडघा उघडत नाही, दुपारी सैल होतो, हे तिने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. पडल्याचा मार असा वागत नाही. ते वाचून नर्सने उठून बसायला हवं होतं. मी तिला आळशी म्हटलं.

तिची पत्रं मी याबरोबर पाठवतेय. तिला रागावू नकोस. तिने काही चुकीचं ऐकलं नाही. मी जे सांगितलं ते तिने शब्दाला शब्द पाळलंय.

तू म्हणशील तर आज निघते.

ताई

---

२० मार्च

ताई,

येऊ नकोस.

तिचे दोन्ही गुडघे वाकलेल्या अवस्थेत आखडलेत. उजव्यातून सुईने पाणी काढलं. तेव्हा ती रडली नाही, मला विचारत होती, "बाबा, पाण्याबरोबर माणसं पण गेली का?" मला काही कळेना. बूट मला नंतर सापडला. मी तो उलटा केला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

भिंगरीची आई गेल्यावर तू आलीस तेव्हा मला तुझी गरज होती, हे मी कधी नाकारलेलं नाही. तेव्हा माझ्याच्याने भाताचा कुकरही लावला जात नव्हता. पण तू थांबली नाहीस. भांडी हलवली, भिंतीवरचे फोटो हलवले, आणि एक दिवस मी कामावरून आलो तर तिच्या आईचं कपाट रिकामं. एक रुमाल नाही ठेवलास. तुला सगळं माहीत असतं, म्हणून तू विचारत नाहीस. याच भीतीने मी पोरीला म्हटलं होतं, आत्याला कळवू नकोस. तेव्हा यात माझाही वाटा आहे, आणि तो मला रोज तिच्या खाटेशेजारी बसून दिसतो.

पण आता दुसरीच पंचाईत आहे. ती अजूनही गोळी घेत नाही. थुंकते. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, हात जोडले. ती म्हणते, आत्याने सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, हे असंच चाललं तर गुडघा कायमचा जाईल. सलाईनमधून किती दिवस देणार?

तूच सांगितलंस, तूच परत सांग. माझ्या नावाने पाठव. मी आधी वाचीन, मग तिला वाचून दाखवीन.

दादू

---

२५ मार्च

भिंगरे,

हे पत्र बाबा वाचून दाखवतायत, तेव्हा मध्ये मध्ये त्यांचा घसा बसेल. त्यांना पाणी दे.

तू मला विचारलं होतंस, माणसं घरी कधी जातात. गोष्टीचा तो अर्धा भाग मी सांगितलाच नव्हता. तुला मी खोटं सांगितलं नाही, पण अर्धं सांगितलं, आणि अर्ध्याने तुझं फार नुकसान झालं.

खरचटलेल्या गुडघ्यात काम संपलं की हाक येते, "चला, झालं." ती हाकही एक रसच असतो. मग पाणी ओसरतं, पेशी पांगतात, वस्ती पुन्हा शांत होते. खाणीतल्या माणसांचं असंच होतं, म्हणून मी त्यांना सोसा म्हणते. मला वाटलं तुझंही तसंच.

तुझ्या गुडघ्यात मुळात काही मोडलंच नव्हतं. कुणीतरी चुकून बोंब मारली. का मारली, ते डॉक्टरांना नक्की माहीत नाही, मला नाही, कुणालाच नाही. तू काही केलंस म्हणून नाही, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. माणसं धावत आली. बघतात तर सगळं जागच्या जागी. पण आली ती आली, काम केल्याशिवाय त्यांना राहवेना. मग जे धड उभं होतं तेच ती काढायला लागली. हाडांच्या टोकांना एक गुळगुळीत अस्तर असतं, त्याच्यामुळे गुडघा न दुखता वाकतो. ती ते अस्तर खरवडतात. "चला, झालं" अशी हाक तुझ्याकडे नीट येतच नाही, म्हणून ती थांबत नाहीत. रात्री उशी तोंडात धरून तू ज्यांना काम करू देत होतीस, ती तुझंच घर पाडत होती.

ती वाईट नाहीत गं. तुझीच आहेत. फक्त त्यांना कळत नाही की हे तुझं आहे आणि चांगलं आहे.

तुझी गोळी ही ती हाक आहे. रोज द्यावी लागते, कारण ती माणसं रोज विसरतात. ज्या दिवशी हाक चुकेल त्या दिवशी ती पुन्हा कामाला लागतील. म्हणून आता मी सांगते ते ऐक. आधीचं ऐकलंस तसंच ऐक. गोळी घे. बाबांसमोर गिळ आणि तोंड उघडून दाखव. मळमळेल. तरी घे.

गुडघा पहिल्यासारखा होईल असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी तुला यापुढे सांगणार नाही.

तू खूप सोसलंस. मी सांगितलं म्हणून सोसलंस. हे आठवलं की मला जेवण जात नाही.

आत्या

---

६ मे

प्रिय आत्या,

हे पत्र गुपचूप नाही. बाबा समोर बसून लिफ्टचं एक बटण खोलतायत आणि मी काय लिहितेय ते बघत नाहीयेत, असं दाखवतायत.

तुझं पत्र वाचताना मी त्यांना दोनदा पाणी दिलं. मी त्याच दिवशी गोळी घेतली. नंतर आतल्या माणसांना सॉरी म्हटलं, कारण मीच त्यांना राहा म्हटलं होतं आणि आता मीच हाकलत होते. तेव्हापासून रोज घेते. मळमळतं. तोंड उघडून दाखवते, आणि बाबा टॉर्च मारून बघतात, लिफ्टच्या खड्ड्यात बघतात तसे. कालच डोळ्यांच्या डॉक्टरांनी पण दिवा मारून बघितलं. हा आजार डोळ्यात गेला तर दुखत नाही, म्हणून बघावं लागतं म्हणे. डोळ्यात कुणी नाही.

मनगटातली माणसं गेली. बोटातली पण. डावा गुडघा सरळ होतो. उजवा होत नाही. मी पाय पसरून बसले की त्याच्या खालून माझी कंपासपेटी आरपार जाते. रात्री त्याला एक कडक पट्टा बांधतात आणि रोज व्यायामाच्या एक बाई येऊन गुडघा दाबतात. त्या चांगल्या आहेत, पण त्या आल्या की मला रडू येतं. मी डॉक्टरांना विचारलं, पूर्ण सरळ होईल का? ते म्हणाले, अजून थोडा होईल. मी म्हटलं, पूर्ण? ते बाबांकडे बघायला लागले.

मी चालते. एका बाजूला कलते, पण चालते. बाबा अजून मला वर आणतात, पण आता क्षमस्व म्हणत नाहीत.

मी खूप विचार केला, आणि ती माणसं कशी असतात ते मला कळलं. तू आईचं कपाट आवरलंस ना, तशी. तुला वाटलं, घरात दुःख झालंय, पसारा आहे, आपण आवरू या. तू मदतच करत होतीस. पण तो पसारा नव्हता. मी शाळेतून आले की कपाट उघडून आत तोंड घालून उभी राहायचे, हे तुला माहीत नव्हतं. तू विचारलंच नाहीस. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पण हा अबोला तो नव्हता. त्यांनी माझं डोकं धरून ठेवलं होतं.

मी तुझ्यावर रागावले होते, दोन्हीसाठी. आता थोडी रागावलेय.

परवा बाबांनी धावायचे बूट काढले. उजव्यातला चिकटलेला पांढरा चुरा त्यांनी ओल्या फडक्याने पुसला आणि मला विचारलं, "हे कुणाला देऊन टाकू का? तुला चालेल का?" मी नको म्हटलं. त्यांनी परत विचारलं. मी परत नको म्हटलं. मग त्यांनी ते आईच्या कपाटात ठेवले. त्या कपाटात आता तेवढेच आहेत.

बाबा म्हणाले, यापुढे पाकिटावर काकूंचं नाव नको, आपल्या घराचं घालायला सांग. आणि तुला सुट्टी मिळाली तर चार दिवस ये म्हणालेत.

ये. पण कपाट उघडायच्या आधी मला विचार.

तुझी,
भिंगरी